कारभारी बदलतांना

पूर्वीं तालुक्याच्या कचेरींत एका मामलेदाराची बदली होऊन दुसरा आला म्हणजे ‘चार्ज’ देण्याघेण्याचा एक विधीच होत असे. खजिन्यांतील शिल्लक मोजली जाई, दप्तराची यादी ताडून पाहिली जाई, किल्ल्या एका हातांतून दुसऱ्या हातांत पडत, आणि मग दोघांच्याहि सह्या होत. त्यांत वेळ पुष्कळ जाई व कंटाळाहि पुष्कळ येई. परंतु सह्या झाल्यावर कोणती किल्ली कोणाजवळ आहे याविषयीं संशय उरत नसे. आजच्या कचेरीचें सर्वांत मोलाचें दप्तर म्हणजे तिचा ई-मेल. त्याचा कारभारी जेव्हां बदलतो तेव्हां मात्र बहुधा एक फोन होतो, व्हॉट्सॲपवर एक पासवर्ड येतो, आणि काम झालें असें समजून दोन्ही पक्ष आपापल्या वाटेनें जातात.

कल्पनेसाठीं पुण्यांतील एका सनदी लेखापालांची कचेरी डोळ्यांपुढें आणावी. माणसें पंचवीस-तीस, अशील दोन-अडीचशें. दहाबारा वर्षांपूर्वीं कचेरीचें टपाल स्वतःच्या नांवाच्या पत्त्यावर यावें असें भागीदारांच्या मनांत आलें, तेव्हां ओळखींतल्या एका होतकरू तरुणानें सर्व व्यवस्था करून दिली. मायक्रोसॉफ्ट कंपनीची सेवा त्यानेंच घेतली, इंटरनेटवरील नांव त्यानेंच नोंदविलें, पासवर्डहि त्यानेंच ठरविले. दरवर्षीं तो बिल पाठवी आणि तें चुकतें होई. पुढें कचेरी वाढली, तक्रारीला उत्तर येण्यास दोन-दोन दिवस लागूं लागले, आणि भागीदारांनीं हें काम दुसऱ्या एका कंपनीला देण्याचें ठरविलें. नव्या कंपनीचा माणूस येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘‘सर्वाधिकार असलेलें खातें कोणाच्या हातीं आहे?’’ भागीदार एकमेकांकडे पाहतात. शेवटीं जुन्या तरुणाला फोन जातो आणि पलीकडून उत्तर येतें, ‘‘साहेब, सगळें माझ्याकडेच आहे, काळजी करूं नका.’’

काळजीचें कारण नेमकें तेंच आहे. त्या टपालपेट्यांत अशिलांचे ताळेबंद आहेत, पॅन क्रमांक आहेत, मृत्युपत्रांचे मसुदे आहेत. प्राप्तिकर खात्याच्या सूचना तेथें येतात, बँकांचे निरोप तेथें येतात. सप्टेंबरच्या अखेरीस करलेखापरीक्षणाचे अहवाल भरण्याची धांदल चालूं असतांना हें दार दोन दिवस जरी बंद राहिलें, तरी त्याचा भुर्दंड कचेरीवर विसंबलेल्या माणसांनाहि बसतो. आणि त्या बिचाऱ्यांना कारभारी कोण होता व कोण झाला याची गंधवार्ताहि नसते.

या बाबतींत पहिला गैरसमज असा कीं, कारभारी बदलावयाचा म्हणजे सगळें टपाल उचलून दुसरीकडे न्यावयाचें. बहुधा तसें कांहींच करावें लागत नाहीं. पत्रें जुन्या कारभाऱ्याच्या घरीं नव्हतींच. तीं मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवर आहेत. आणि नांव ‘क्लाउड’, म्हणजे मेघ, असलें तरी तीं यंत्रें जमिनीवरच्या इमारतींतच असतात. २०१५ सालीं या कंपनीनें पुणें, मुंबई व चेन्नई या भागांत आपलीं केंद्रें सुरू केलीं, तेव्हां पुणेकरांचा मेघ कदाचित् पुण्यांतच असेल. त्या यंत्रांवर प्रत्येक संस्थेला एक स्वतंत्र जागा मिळते. तिला ‘टेनंट’ म्हणतात. शब्दाचा अर्थ कूळ. कुळकायद्याच्या प्रदेशांत वाढलेल्या माणसाला हा शब्द लगेच पटावा. जमीन मायक्रोसॉफ्टची, कसणारी संस्था, आणि मधला कारभारी हा ना मालक ना कूळ. त्याला काढलें म्हणून शेत हलवावें लागत नाहीं. बदलावयाच्या असतात त्या किल्ल्या. आणि त्या सर्व एकाच जुडग्यांत नसतात, ही खरी अडचण.

सर्वांत बाहेरची किल्ली म्हणजे संस्थेचें इंटरनेटवरील नांव, ज्याला डोमेन म्हणतात. ई-मेलच्या पत्त्यांत ‘@’ या चिन्हापुढें येतें तें हें नांव. रे टॉमलिन्सन या अमेरिकन तंत्रज्ञानें १९७१ सालीं तें चिन्ह पत्त्यांत प्रथम योजलें. चिन्ह फुकट आहे. पुढचें नांव मात्र ठराविक मुदतीसाठीं पैसे भरून मिळतें आणि मुदत संपली कीं पुन्हां पैसे भरावे लागतात. या नांवाचें टपाल कोणत्या यंत्रावर पोंचवावें याची नोंद एका सार्वजनिक सूचींत असते. पत्र पाठविणारा कोणताहि संगणक प्रथम ती सूची पाहतो आणि मग पत्र टाकतो. त्या सूचींतील एक ओळ बदलली तर उद्यांचीं पत्रें दुसऱ्याच दारीं जातील. इतकेंच नव्हे, तर एखादें नांव खरोखर कोणाचें हें ठरवितांना मायक्रोसॉफ्टहि त्याच सूचींत एक ठराविक ओळ लिहून दाखवावयास सांगते. ज्याच्या हातीं सूची, त्याचें नांव, असा हा व्यवहार आहे.

आणि नेमकी हीच किल्ली परक्याच्या खिशांत सांपडते. सोय म्हणून त्या तरुणानें नांव स्वतःच्या खात्यावर नोंदविलेलें असतें. त्यांत लबाडी असतेच असें नाहीं. पन्नास गिऱ्हाइकांचीं नांवें एका खात्यांत ठेवणें त्याला सोपें जातें, मुदत संपण्याच्या तारखाहि एकत्र दिसतात. परंतु करार संपल्यावर त्यानें आपलें खातें आवरलें, कीं सूची नाहींशी होते. टपाल पोंचविणारीं यंत्रें एरवीं मोठीं चिकाटीचीं असतात. समोरचें यंत्र बंद असलें तर चारपांच दिवस तीं पुनःपुन्हां प्रयत्न करीत राहतात. पण नांवच सूचींत सांपडलें नाहीं तर पत्र ताबडतोब परत जातें, आणि पाठविणाऱ्याची समजूत होते कीं कचेरीच उठली.

म्हणून नव्या कारभाऱ्यानें प्रथम टपालाला हात लावूं नये. आधीं नांव संस्थेच्या खात्यावर, संस्थेच्या पैशानें नोंदवून घ्यावें, आणि सूचींतील प्रत्येक ओळ, तिचा अर्थ कळो वा न कळो, उतरून घ्यावी. नांव एका नोंदणीदाराकडून दुसऱ्याकडे न्यावयाचें तर एक गुप्त संकेत लागतो, आणि तो जुन्या खात्यांतूनच मिळतो. सबब हें काम संबंध गोड आहेत तोंवर उरकावें. आणखी एक बारीक गोष्ट. या खात्याचा पासवर्ड विसरल्यास नवा मागविण्यासाठीं जो पत्ता द्यावयाचा, तो त्याच नांवाचा देऊं नये. सूची बिघडली म्हणजे त्या पत्त्यावर पत्र येणारच नाहीं, आणि मग स्थिति अशी होते कीं घराची दुसरी किल्ली घरांतच ठेवून बाहेरून कुलूप लावलें आहे.

दुसरी किल्ली टेनंटची, आणि तिचे पुन्हां दोन प्रकार. एक, कारभाऱ्याच्या माणसांसाठीं संस्थेच्या घरांतच उघडलेलीं सर्वाधिकाराचीं खातीं. दुसरा, कारभाऱ्यानें आपल्या कचेरींत बसून, आपल्याच ओळखीनें, संस्थेच्या टेनंटमध्यें वावरण्याचा अधिकार. हा दुसरा प्रकार म्हणजे शुद्ध मुखत्यारपत्र होय. पूर्वीं तें कुलमुखत्यारपत्र असे. विक्रेत्याला एकदां संमति दिली कीं त्याच्याकडे सर्वाधिकार जात, आणि त्यांना मुदत नसे. परवाने विकत घेतांना ही संमतीची कळ दाबली होती हें कित्येक संस्थांच्या स्मरणांतहि राहत नसे. या ढिलाईचा फायदा कोणी घेणार हें उघड होतें. ऑक्टोबर २०२१ मध्यें मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें कीं, ‘नोबेलियम’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हेरटोळीनें त्या वर्षाच्या मे महिन्यापासून असे विक्रेते व सेवा देणाऱ्या कंपन्या यांनाच लक्ष्य केलें होतें. १४० हून अधिक कंपन्यांना सावध करण्यांत आलें, आणि त्यांपैकीं चौदापर्यंत कंपन्यांत शिरकाव झाल्याचें मानलें गेलें. चोरांचा हिशेब सरळ होता. शंभर घरें फोडण्यापेक्षां शंभर घरांच्या किल्ल्या बाळगणारा एक कारभारी गांठणें स्वस्त.

२०२२ सालापासून आलेली नवी पद्धति बरीच बरी आहे. कोणकोणते अधिकार पाहिजेत हें आतां एकेक लिहून मागावें लागतें, आणि मुदत जास्तींत जास्त ७३० दिवसांची. मर्यादित अधिकारांना सहा-सहा महिन्यांची आपोआप मुदतवाढ ठेवतां येते, सर्वाधिकाराला ती ठेवतां येत नाहीं. नव्या कारभाऱ्यानें यादी पाठवावयाची आणि संस्थेच्या सर्वाधिकाऱ्यानें ती वाचून मंजूर करावयाची. दुर्दैवानें वाचण्याचें कष्ट थोडेच लोक घेतात. विसरलेला पासवर्ड बदलून देणें, नव्या कारकुनाचें खातें उघडणें, एवढ्या कामांना लहान अधिकार पुरतात. तरीहि ‘सोयीसाठीं’ म्हणून सर्वाधिकार मागणारा कारभारी भेटला, तर त्याला ती सोय कोणाची असें विचारण्यास संकोच वाटूं देऊं नये.

आतां क्रमाविषयीं. पुष्कळांना वाटतें, जुन्याच्या किल्ल्या काढून नव्याला दिल्या कीं झालें. या दोन्हींच्या आधीं एक किल्ली संस्थेनें स्वतःच्या हातीं घेतली पाहिजे. मायक्रोसॉफ्टचीच शिफारस अशी आहे कीं, संकटकाळासाठीं दोन सर्वाधिकारी खातीं कोणाहि एका व्यक्तीला न जोडतां ठेवावीं, आणि एकंदर सर्वाधिकारी पांचांहून कमी असावेत. हीं दोन खातीं संस्थेच्या डोमेनवर न ठेवतां टेनंट जन्मला त्या वेळीं मिळालेल्या मूळ पत्त्यावर ठेवावीं. त्या पत्त्याच्या शेवटीं ‘ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ असें असतें. पुढें डोमेनची सूची कितीहि बिघडली तरी हें दार उघडतें. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटांत बंद करून, जेथें भागीदारीचा दस्त ठेवला असेल तेथें ठेवावा. संगणकाच्या युगांत कागद कशाला, असें नव्या पिढीला वाटेल. पण बंद पडलेल्या संगणकाचा पासवर्ड त्याच संगणकांत असून काय उपयोग?

नुसत्या पासवर्डनें मात्र भागत नाहीं. २०२४-२५ पासून मायक्रोसॉफ्टनें व्यवस्थापनाच्या दालनांत शिरण्यास दुसरी ओळख टप्प्याटप्प्यानें सक्तीची केली. पासवर्डनंतर फोनवर आलेली खूण दाखवावी लागते, नाहीं तर पेनड्राइव्हसारखी एक लहानशी चावी संगणकाला लावावी लागते. हस्तांतराचीं बहुतेक कामें येथेंच अडकतात. जुन्या तंत्रज्ञानें पासवर्ड मोकळेपणानें सांगितलेला असतो. परंतु खूण त्याच्या फोनवर जाते, आणि तो रविवारीं बहिणीच्या लग्नांत कोल्हापुरास असतो. तो फोन उचलत नाहीं यांत त्याचा दोष कोणता? म्हणून दुसरी ओळख नव्या हातांत जोडण्याचें काम दोघेहि समोरासमोर बसले असतां करावें, आणि नव्या खात्यानें एकदां पूर्ण बाहेर पडून पुन्हां आंत शिरून दाखवावें. हें पाहिल्याशिवाय जुन्या खात्याला स्पर्श करूं नये. कांहीं कचेऱ्यांत आणखी एक नियम घातलेला असतो, तो असा कीं, सर्वाधिकाऱ्यानें फक्त कारभाऱ्याच्या कचेरीच्या इंटरनेट पत्त्यावरूनच आंत यावें. नियम चांगला, पण कारभारी बदलल्यावर तोच नियम मालकाला दाराबाहेर ठेवतो. हातीं एकहि सर्वाधिकारी खातें उरलें नाहीं तर मायक्रोसॉफ्टकडे दाद मागतां येते, परंतु टेनंट आपलाच आहे हें सिद्ध करण्यांत दिवस जातात, प्रसंगीं आठवडेहि जातात.

या सगळ्यांत यंत्रापेक्षां माणूस अवघड. दहा वर्षें ज्यानें रात्रीं-अपरात्रीं छापयंत्रें दुरुस्त करून दिलीं, मुलांच्या लॅपटॉपसाठीं पैसे घेतले नाहींत, त्याला ‘आतां किल्ल्या द्या’ हें सांगावयाचें कोणीं? भागीदार हें काम नव्या कंपनीवर ढकलतात, आणि तेथेंच वांकडें पडतें. परक्याकडून आलेल्या पत्रानें जुना माणूस दुखावतो आणि उत्तरें लांबवूं लागतो. मालकांनीं स्वतः भेटावें, निर्णय सांगावा, हस्तांतराला जेवढा वेळ लागेल तेवढ्याचे पैसे द्यावयाचें कबूल करावें, आणि तें लेखी द्यावें. थकलेलें बिल असेल तर तें आधीं चुकतें करावें. बिलासाठीं किल्ल्या अडवून ठेवणें हें कारभाऱ्याला शोभत नाहीं. परंतु बिल थकवून किल्ल्या मागणें हेंहि मालकाला शोभत नाहीं, आणि सप्टेंबर महिन्यांत या दोहोंपैकीं कोणाचें चुकलें हें ठरवीत बसण्यास सवड नसते.

परवान्यांची गोष्ट त्यामानानें सोपी. प्रत्येक टपालपेटीमागें एक परवाना लागतो व तो जुन्या विक्रेत्यामार्फत घेतलेला असतो. वर्षाच्या करारानें घेतलेले परवाने पहिल्या सात दिवसांनंतर मध्येंच रद्द होत नाहींत. जुन्याच्या संमतीनें ते नव्याकडे वर्ग होतात, किंवा मुदत संपण्याची वाट पाहावी लागते. ध्यानांत ठेवावयाचें तें एवढेंच कीं, जुने संपण्यापूर्वीं नवे लागू झाले पाहिजेत. परवाना निघून गेलेल्या पेटींतील टपाल सामान्यतः तीस दिवस राखलें जातें, आणि नंतर पुसलें जातें.

गूगलच्या सेवेंतहि याहून फार निराळें नाहीं. तेथें संस्थेचा सर्वाधिकारी एक हस्तांतराचा संकेत काढून नव्या विक्रेत्याला देतो आणि परवाने त्याच्याकडे जातात. संकेत काढणारें खातें संस्थेच्या हातीं असलें तर काम एका दुपारचें. नसलें तर पुन्हां तोच फोन, तेंच लग्न, तेंच कोल्हापूर.

नव्याचा जम बसला म्हणजे जुन्याचे अधिकार काढावे, आणि येथें घाई व आळस दोन्ही वाईट. मुखत्यारपत्र रद्द केलें म्हणून टेनंटच्या आंत उघडलेलीं जुन्या माणसांचीं खातीं मिटत नाहींत. तीं वेगळीं पाहावीं लागतात. तीं एकदम पुसूंहि नयेत. कधींकाळीं कोणीं छापयंत्राला स्कॅन केलेला कागद पाठवितां यावा म्हणून त्यांतलेंच एक खातें जोडून ठेवलेलें असतें, आणि तें पुसतांच पगारपत्रकाच्या दिवशीं यंत्र मुकें होतें. आधीं प्रवेश बंद करावा, कांहीं आठवडे काय अडतें तें पाहावें, मग पुसावें; पुसल्यावरहि तीस दिवसांत खातें परत आणतां येतें. मग चोरवाटा तपासाव्या. कोणाच्या टपालाची प्रत गुपचूप दुसरीकडे जाते काय, पूर्वीं परवानगी दिलेले कोणते परके कार्यक्रम अजून पत्रें वाचूं शकतात, हें पाहावें. अशा कार्यक्रमांना दिलेली परवानगी पासवर्ड बदलल्यानें जात नाहीं, ही गोष्ट जाणत्यांच्याहि नजरेंतून सुटते. डोमेनच्या सूचींत संस्थेच्या नांवानें पत्र पाठविण्याची मुभा कोणकोणत्या यंत्रांना आहे तीहि ओळ असते. तींत जुन्या कारभाऱ्याचें यंत्र तसेंच राहिलें, तर त्या यंत्रांत शिरलेला चोर कचेरीच्या नांवानें अशिलांना खुशाल पत्रें धाडील आणि तीं खरीं ठरतील. बनावट पत्रांविषयींचे अहवाल ज्या पत्त्यावर जातात, तो पत्ताहि बहुधा जुन्याचाच असतो.

यांतल्या हलगर्जीपणाचें उत्तर कारभाऱ्याकडे बोट दाखवून देतां येईल, अशा भ्रमांत कोणीं राहूं नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा भारतीय कायदा, ज्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानें लागू होत आहेत, मूळ जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच ठेवतो; काम दुसऱ्याकडून करवून घेतलें तरी ती सुटत नाहीं, मग आपसांतल्या करारांत कांहींहि लिहिलेलें असो.

पुण्याच्या त्या कचेरीनें हें काम जून महिन्यांत काढलें तर उत्तम. पहिल्या आठवड्यांत नांव व सूची, दुसऱ्यांत संस्थेचीं स्वतःचीं दोन खातीं, तिसऱ्यांत नव्याचें मुखत्यारपत्र, आणि जुलैच्या अखेरीस जुन्याचा निरोप. टेनंटमध्यें कोणीं काय केलें याची नोंद सामान्यतः १८० दिवस राहते. ती महिन्यांतून एकदां एखाद्या भागीदारानें उघडून पाहावी आणि जुनें नांव कोठें दिसल्यास विचारणा करावी. नव्या कारभाऱ्याच्या अधिकारांची मुदत ज्या दिवशीं संपते ती तारीख कचेरीच्या रोजनिशींत, भागीदाराच्या हातानें, आजच लिहून ठेवावी, आणि तिच्या एक महिना आधींच्या पानावरहि.